गर्दीच्या मार्गावरील भय व त्याचा निरास

भय सर्वस्वी त्याज्य आहे असे सरसकट म्हणणे शास्त्रालाही मान्य नाही व व्यवहारालाही नाही. ज्या वाटेवर साप आहे त्या वाटेने जाताना जो सावध होत नाही, त्याला लोक धैर्यवान म्हणत नाहीत, बेफिकीर म्हणतात. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात सात्त्विक बुद्धीची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत भय कोठे धरावे व कोठे धरू नये हे ओळखणे हेही एक लक्षण आहे. तेव्हा त्याज्य ठरते ते भयाचे एक विशिष्ट रूप. मनुष्य कर्तव्यासाठी उंबरठ्याबाहेर पाऊल टाकू लागला की जे त्याचे पाय धरून बसते आणि ज्याच्या धाकाने हातातील विद्याही निरुपयोगी होते, ते हे भय. प्रस्तुत पाठात या भयाचा विचार एका अगदी साध्या व अर्वाचीन उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे. ते उदाहरण म्हणजे मोठ्या शहराच्या गर्दीत मोटार चालविताना वाटणारी धास्ती.

विषय क्षुल्लक आहे असे कोणी समजू नये. कोलकात्यात प्रस्तुत लेखकाकडे गीतेच्या पाठास येणाऱ्या मंडळींत हाजरा रोडच्या परिसरात राहणाऱ्या एक मराठी गृहिणी आहेत. वय पन्नाशीच्या पुढे. सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी रुग्णालयात न्यावे लागते व तेथे पहाटेच हजर व्हावे लागते. यजमान आजवर गाडी चालवीत असत. परंतु दृष्टिपटलाच्या विकाराने त्यांची नजर मंदावली व डॉक्टरांनी त्यांना गाडी चालविण्यास मनाई केली. बाईंनी मोटार शिकून परवाना मिळविला होता, पण दोन वर्षे गाडी इमारतीखाली उभीच होती. पहिल्या अध्यायाचा पाठ चालू असता त्या म्हणाल्या, "शास्त्रीबुवा, अर्जुनाला जे झाले असे आपण सांगता, ते मला रोज होते. किल्ली फिरविली की तोंडाला कोरड पडते, हात कापतात, समोरचे काही सुचेनासे होते. टॅक्सी मिळाली नाही म्हणून परवा सासूबाईंची पाळी चुकली. आता मी काय करावे?"

डायलिसिसची पाळी चुकणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी असा रोगी आहे त्यांना सांगावयास नको. तेव्हा प्रश्न हौसेचा नव्हता, कर्तव्याचा होता. त्याचे उत्तरही नुसता धीर देऊन भागण्यासारखे नव्हते.

भयाचे स्वरूप

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. अर्जुनाची गात्रे शिथिल झाली, मुख कोरडे पडले, अंगास कंप सुटला, गांडीव हातातून निसटू लागले, हे वर्णन पहिल्या अध्यायात आहे. त्या अवस्थेचे कारण शोक व मोह हे होते; आपल्या या भगिनीच्या अवस्थेचे कारण भय आहे. कारणे भिन्न, परंतु शरीरावरील लक्षणे एकच. यावरून निष्कर्ष असा निघतो की, हातांना कंप सुटणे हे नालायकीचे चिन्ह नव्हे. ज्याच्या तोडीचा धनुर्धर नाही अशा पुरुषालाही ते झाले.

आधुनिक शरीरशास्त्र त्याची उपपत्ती अशी सांगते. संकटाची चाहूल लागताच मूत्रपिंडांवरील ग्रंथी अॅड्रेनलीन नावाचे द्रव्य रक्तात सोडतात. हृदयाचे ठोके वाढतात, श्वास उथळ व जलद होतो, स्नायू ताठ होतात, लाळ आटते. पळावयाचे किंवा झुंजावयाचे असेल तेव्हा ही सिद्धता उपयोगी पडते. पण मोटारीत बसलेल्या मनुष्याला पळावयाचेही नसते व झुंजावयाचेही नसते. त्याला क्लच हलक्या पायाने सोडावयाचा असतो आणि डावीउजवीकडचे आरसे शांतपणे पाहावयाचे असतात. ताठरलेला पाय क्लच झटकन सोडतो, गाडी बंद पडते, मागचे हॉर्न वाजू लागतात व भय द्विगुणित होते.

मग मन पूर्ण निश्चिंत असावे काय? तसेही नाही. यर्क्स व डॉड्सन या दोन अमेरिकन संशोधकांनी १९०८ साली उंदरांवर काही प्रयोग केले. कठीण काम शिकताना उत्तेजना फार कमी असली तरी प्रगती मंदावते व फार जास्त असली तरीही मंदावते. मध्यम असली म्हणजे काम उत्तम साधते, असे त्यांना आढळले. पुढे हा विचार मनुष्याच्या बाबतीतही लावण्यात आला. तात्पर्य, भय समूळ उपटून टाकणे हे आपले साध्य नव्हे. त्याचे प्रमाण कमी करून त्याचे सावधानतेत रूपांतर करणे हे साध्य होय.

भयाने खणलेला खंदक

ज्या मार्गाची या भगिनीस धास्ती वाटत असे, त्या मार्गाचाच इतिहास मराठी वाचकांनी ऐकण्याजोगा आहे. हाजरा रोडवरून शरत बोस रोडने उत्तरेस गेले की मिंटो पार्कपाशी आचार्य जगदीशचंद्र बोस रोड लागतो. जुने लोक त्याला लोअर सर्क्युलर रोड म्हणत. पुढे सियालदाच्या उत्तरेस त्याचाच विस्तार आचार्य प्रफुल्लचंद्र रोड या नावाने श्यामबाजारकडे जातो; तो पूर्वीचा अप्पर सर्क्युलर रोड. शहराला वळसा घालणारा हा मार्ग बव्हंशी एका जुन्या खंदकाच्या रेषेवर आहे, आणि त्या खंदकाचे नाव मराठा खंदक.

१७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सैन्य भास्करराम कोल्हटकरांच्या नेतृत्वाखाली बंगालमध्ये उतरले. बारगीर या आपल्या शब्दावरून बंगाली लोक त्या स्वारांना बर्गी म्हणू लागले. त्या स्वाऱ्यांत पश्चिम बंगालच्या गावांची जी धूळधाण झाली, ती आपण मराठी लोकांनी प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. बंगाली माता मुलांना निजविताना जे गीत म्हणतात, त्यात बर्गींचे नाव अद्यापि टिकून आहे. कलकत्त्याचे रहिवासी त्या वेळी इतके घाबरले की, नवाब अलीवर्दीखानाची अनुमती घेऊन त्यांनी शहराभोवती सुमारे सात मैलांचा खंदक खणण्याचा बेत केला. तीन मैलांच्या आसपास खणून झाला आणि काम थांबले. मराठे कलकत्त्यावर आलेच नाहीत. १७५१ साली नवाबाशी तह होऊन स्वाऱ्याही थांबल्या. पुढे १७९९ साली तो खंदक बऱ्याच अंशी बुजवून त्यावर रस्ता करण्यात आला.

या वृत्तांतातून दोन गोष्टी शिकावयाच्या आहेत. पहिली ही की, त्या लोकांचे भय निराधार नव्हते. गंगेच्या पलीकडच्या तीरावर गावे खरोखरच जळत होती. त्याचप्रमाणे रस्त्यावर अपघात होतात हेही खरे आहे, आणि मोटार चालविणाऱ्याने ते कधीही विसरू नये. दुसरी ही की, भयाने सात मैलांचा बेत केला. प्रत्यक्षात संकट शहराच्या वेशीपाशी आलेच नाही. आपले मनही असाच खंदक खणीत असते. एका संभाव्य धक्क्यासाठी ते शंभर धक्क्यांची तजवीज करते व त्या खंदकाच्या आत स्वतःच अडकून बसते. आज त्याच रेषेवरून बसगाड्या, मोटारी व दुचाक्या रात्रंदिवस धावत आहेत. मनातला खंदक बुजवून त्याचा रस्ता कसा करावयाचा, एवढाच आता प्रश्न उरतो.

उत्तराचे उदाहरण

महाभारताच्या विराटपर्वात या प्रश्नाचे उत्तर एका कथेच्या रूपाने आले आहे. कौरवांनी विराटाच्या गाई हरण केल्या. राजपुत्र उत्तर याने अंतःपुरात पुष्कळ वल्गना केल्या. पण बृहन्नडेने रथ कौरवसैन्याच्या समोर नेताच त्याचे अवसान गळाले. तो रथातून उडी टाकून पळत सुटला. बृहन्नडेच्या वेषातील अर्जुनाने धावत जाऊन त्याला धरले.

यापुढे अर्जुनाने काय केले ते नीट पाहावे. त्याने उत्तराला घरी पाठविले नाही, तसेच त्याला एकट्याला सैन्यावर लोटलेही नाही. प्रथम त्याला शमीच्या वृक्षावर चढून ठेवलेली आयुधे काढावयास लावली. म्हणजे रणाहून दूरचे, परंतु रणासंबंधीचेच एक लहान काम दिले. नंतर त्याच्या हाती घोड्यांचे लगाम दिले आणि युद्धाचा भार स्वतःकडे घेतला. ऐन युद्धात उत्तराचा धीर पुन्हा खचला, तेव्हाही अर्जुनाने त्याला धीर देऊन लगाम त्याच्याच हातात ठेवले. जो पळाला होता, त्यानेच रणात सारथ्य केले.

उत्तराचे भय आधी गेले व मग त्याने लगाम धरले, असे झाले नाही. लगाम हाती असतानाच भय ओसरत गेले. या पाठाचे सार एवढ्यातच आहे. "भीती गेली म्हणजे मी गाडी चालवीन" असे म्हणणारा मनुष्य कधीच गाडी चालवीत नाही. भीती चालविण्यानेच जाते. मात्र ते चालविणे क्रमाने, लहान पायऱ्यांनी व योग्य सोबतीने झाले पाहिजे.

अर्वाचीन मानसशास्त्र याच निर्णयास येऊन पोहोचले आहे. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या विदुषीने सशाला भिणाऱ्या एका लहान मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मूल खाण्यात रमले असता ससा प्रथम पिंजऱ्यात, दूर ठेवीत. मग हळूहळू जवळ आणीत. शेवटी ते मूल सशाशी खेळू लागले. १९५८ साली दक्षिण आफ्रिकेतील वैद्य जोसेफ वोल्पे यांनी हीच रीत शास्त्रशुद्ध पद्धतीने ग्रंथबद्ध केली. मन आवरण्यासाठी गीतेच्या सहाव्या अध्यायात जे दोन उपाय सांगितले आहेत, त्यांपैकी अभ्यास हा पहिला. आणि अभ्यास म्हणजे एकदाच केलेला मोठा पराक्रम नव्हे, पुनःपुन्हा केलेला लहान प्रयत्न होय.

साधनेच्या पायऱ्या

आता प्रत्यक्ष क्रम सांगतो. उपर्युक्त भगिनीने याच क्रमाने अभ्यास केला.

पहिली पायरी, उभी गाडी. दररोज दहा मिनिटे गाडी सुरू न करता तिच्यात बसावे. आसन पुढेमागे सारून क्लच पूर्ण दाबता येतो की नाही ते पाहावे, तिन्ही आरसे जुळवावेत, गिअर, हँडब्रेक, वायपर व दिशादर्शक दिवे न पाहता हाताला सापडेपर्यंत हाताळावेत. घाबरलेल्या मनाला नवीन काही सुचत नाही. हातांना जे पाठ झाले आहे तेवढेच त्या वेळी कामास येते.

दुसरी पायरी, मोकळा रस्ता. रविवारी भल्या पहाटे मैदानाच्या कडेचे रुंद रस्ते पुष्कळसे मोकळे असतात. तेथे गाडी सुरू करणे, थांबविणे व चढावर हँडब्रेकच्या साहाय्याने पुढे काढणे एवढ्याचाच सराव करावा. गाडी मुद्दाम बंद पाडून ती पुन्हा चालू करण्याचाही सराव करावा: क्लच व ब्रेक दाबावा, हँडब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रलला आणावा, किल्ली फिरवावी, पहिला गिअर टाकावा, आरसा पाहावा व निघावे. ज्या गोष्टीची लाज वाटते ती पन्नास वेळा हेतुपुरस्सर केली, की तिची लाज उरत नाही.

तिसरी पायरी, एकच वाट. सगळे शहर जिंकावयास निघू नये. ज्या मार्गाची गरज आहे तोच घ्यावा. तो प्रथम बसमधून व नंतर पायी पाहावा. कोठे बस थांबते, कोठे ऑटोरिक्षा एकाएकी वळते, शाळा कोठे आहे, पादचारी कोठे रस्ता ओलांडतात, हे टिपून ठेवावे. कोलकात्यात याला विशेष महत्त्व आहे. येथे अनेक रस्ते एकदिशा आहेत व त्यांपैकी काहींची दिशा दुपारनंतर उलटते. सकाळी ज्या वाटेने गेलो त्याच वाटेने सायंकाळी परतता येईलच असे नाही. १८७३ साली या शहरात घोड्यांची ट्राम आली व १९०२ साली विजेची. आता ट्राम मोजक्याच मार्गांवर उरली आहे, तथापि काही रस्त्यांतून तिचे रूळ आहेत व पावसात ते निसरडे होतात. काही भागांत माणसांनी ओढलेल्या रिक्षा अद्यापि दिसतात. त्यांची गती पादचाऱ्याची असते. या गोष्टी आधी ठाऊक असल्या म्हणजे त्या संकट न राहता ओळखीच्या होतात.

चौथी पायरी, गर्दीचे प्रमाण. तीच वाट प्रथम पहाटे साडेपाचला, मग साडेसहाला, मग आठला चालवावी. प्रत्येक वेळी आपले भय शून्य ते दहा या मापात किती होते ते वहीत लिहावे. एकाच वेळेस तीच वाट करता करता आकडा निम्म्यावर आला, की पुढची वेळ घ्यावी. त्याआधी घेऊ नये. आणि अर्ध्या वाटेत धीर सुटला तर? गाडी बाजूला सुरक्षित जागी उभी करून दिवे लावावेत, पाचदहा मिनिटे थांबावे, भय ओसरू द्यावे व मग उरलेली वाट पुरी करावी. भय अगदी शिगेला पोहोचले असता गाडी टाकून घरी परतले, तर मन असे शिकते की, पळालो म्हणून वाचलो. थांबून पुढे गेले, तर ते असे शिकते की, भय आले आणि आपोआप गेलेही.

पाचवी पायरी, एकटे जाणे. सोबत सोडल्याखेरीज अभ्यास पूर्ण होत नाही. पण हे शेवटी.

सोबती कसा असावा

सोबतीविषयी दोन शब्द अधिक लिहिणे अवश्य आहे. महाभारतात उत्तराला अर्जुन लाभला. कर्णाला शल्य लाभला. शल्य अश्वविद्येत कोणालाही हार जाणारा नव्हता. परंतु कर्णाचे सारथ्य करताना त्याचा तेजोभंग करावयाचा, असे वचन त्याने युधिष्ठिराला आधीच दिले होते व ते त्याने पाळले. मराठी घरांतून शेजारच्या आसनावर असे शल्य पुष्कळदा बसलेले आढळतात. त्यांचे वचन कोणाला दिलेले नसते, हेतूही चांगला असतो, पण "अगं, ब्रेक! ब्रेक! दिसत नाही का?" असा त्यांचा घोष अखंड चालू असतो. त्याने चालविणाऱ्याचे लक्ष रस्त्यावरून उडून शेजाऱ्याच्या चेहऱ्याकडे जाते.

सोबत्याने निघण्यापूर्वी बोलावे, पोहोचल्यावर बोलावे, वाटेत बोलावयाचे ते थोडक्यात, वेळेवर व शांत स्वरात: "पुढच्या सिग्नलला डावीकडे." चूक झाली तर ती घरी आल्यावर सांगावी. घरात असा मनुष्य नसेल तर जोड क्लच व जोड ब्रेक असलेली गाडी बाळगणाऱ्या शिक्षकाकडून काही तास अधिक शिकून घ्यावे. परवाना मिळाला म्हणजे शिक्षण संपले असे नाही. कायद्याप्रमाणे शिकाऊ परवाना मिळाल्यावर ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. परंतु शहराची गर्दी ३० दिवसांत कोणालाही वश होत नाही.

दृष्टी, अंतर व श्वास

मार्गावर असता तीन गोष्टींकडे लक्ष असावे.

एक, दृष्टी दूर ठेवावी. घाबरलेला मनुष्य समोरच्या गाडीच्या मागील दिव्यांकडेच टक लावून पाहतो. त्यामुळे प्रत्येक गोष्ट त्याला एकाएकी घडल्यासारखी वाटते. नजर पुढच्या तीनचार गाड्यांपलीकडे असावी व मधूनमधून आरशांवरून फिरावी.

दोन, अंतर राखावे. ताशी ३० किलोमीटर गतीने गाडी एका सेकंदात आठ मीटरांहून अधिक पुढे जाते, ताशी ४० ने अकरा मीटर. डोळ्याने पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद सहज जातो. गती दुप्पट झाली तर ब्रेक दाबल्यानंतरचे थांबण्याचे अंतर सुमारे चौपट होते. म्हणून पुढील गाडी एखादा खांब ओलांडून गेल्यावर आपण तेथे पोहोचण्यास निदान दोन सेकंद लागावेत. पाऊस असल्यास त्याहून अधिक. त्या अंतरात एखादी मिनीबस घुसेल. घुसू द्यावी व पुन्हा अंतर पाडावे. त्यात आपले काही जात नाही. आणि पावसाळ्यात रस्त्यावर साठलेल्या ज्या पाण्याची खोली ठाऊक नाही, त्यात गाडी मुळीच घालू नये.

तीन, श्वास. सिग्नलला थांबले असता श्वास सावकाश घ्यावा व त्याहून अधिक वेळ लावून सोडावा. दीर्घ उच्छ्वासाने हृदयाची गती थोडी मंदावते. कोलकात्यात २०११ पासून काही चौकांत सिग्नलवर रवींद्रसंगीत लावण्याची प्रथा सुरू झाली. ज्याला ते ऐकू येईल त्याने त्या तालावर श्वास घ्यावा. ज्याला ऐकू येणार नाही त्याने मनात आकडे मोजावेत. स्टिअरिंगवरील पकड सैल करावी, खांदे खाली सोडावेत.

हॉर्न म्हणजे निंदा नव्हे

या भयाचा मोठा भाग अपघाताचा नसतोच. तो लोकांच्या रोषाचा असतो. मागून हॉर्न वाजला की मनुष्याला वाटते, सारे शहर आपल्याला नावे ठेवीत आहे. वस्तुतः मागच्या टॅक्सीवाल्याला आपले नाव, कुळ, वय काहीही ठाऊक नसते. तो सवयीने हॉर्न वाजवितो. पुढे रुग्णालय आहे व तेथे शांतता राखावयाची आहे याचेही भान त्याला कित्येकदा नसते. हॉर्नमधून घेण्याजोगी माहिती एवढीच की, मागे गाडी आहे. तेवढी घ्यावी, आरसा पाहावा व बाकीचा आवाज सोडून द्यावा. निंदा व स्तुती यांविषयी समबुद्धी हे गीतेने बाराव्या व चौदाव्या अध्यायांत थोर पुरुषांचे लक्षण म्हणून सांगितले आहे. आपण थोर पुरुष नसलो तरी त्या गुणाचा पहिला धडा गिरविण्यास गर्दीचा चौक ही उत्तम पाठशाळा आहे. दुसऱ्याच्या घाईमुळे आपण अयोग्य क्षणी पुढे घुसलो, तर परिणाम आपल्याला व निरपराध पादचाऱ्याला भोगावा लागेल, हॉर्न वाजविणाऱ्याला नव्हे.

शंका व समाधान

शंका: आपण कितीही सावध असलो तरी दुसऱ्याच्या चुकीने अपघात होऊ शकतो. मग अभ्यासाचा उपयोग काय?

समाधान: फळ सर्वस्वी आपल्या हाती नाही हे खरे. गती, अंतर, दृष्टी, गाडीचे ब्रेक व टायर, सीटबेल्ट आणि स्वतःची झोप या गोष्टी मात्र आपल्या हाती आहेत, आणि दुसऱ्याची चूक पचविण्याची जागा त्यांतूनच मिळते. जे हाती आहे ते पूर्णपणे करावे. जे नाही त्याची चिंता करण्यात जे लक्ष खर्ची पडते, ते रस्त्यावरचे लक्ष असते.

शंका: भीती घालविण्यास एखादी गोळी घ्यावी काय?

समाधान: आपल्या मनाने मुळीच घेऊ नये. मन शांत करणारी कित्येक औषधे गुंगी आणतात व हालचाल मंद करतात. ती घेऊन गाडी चालविणे धोक्याचे आहे. भय इतके असेल की छाती दडपते, रात्री झोप येत नाही, किंवा पूर्वीच्या एखाद्या अपघाताची दृश्ये पुनःपुन्हा डोळ्यांपुढे येतात, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. त्यात कमीपणा नाही.

शंका: सर्वांनीच मोटार चालविली पाहिजे काय?

समाधान: नाही. ज्याची दृष्टी अधू आहे, ज्याला अपस्माराचे झटके येतात, ज्याला डॉक्टरांनी मना केले आहे, त्याने न चालविणे हाच विवेक. तसेच ज्याचे काम मेट्रोने अथवा बसने होते, त्याने केवळ दुसऱ्यास दाखविण्यासाठी हा खटाटोप करू नये. कर्तव्याच्या आड येणारे भय जिंकावयाचे आहे; कर्तव्यच नसेल तेथे जिंकण्याची हौस कशाला?

अनुभव

ज्या भगिनीच्या प्रश्नावरून हा पाठ लिहिला, त्यांना हा क्रम पुरा करण्यास चार महिने लागले. दुसऱ्या महिन्यात मिंटो पार्कपाशी ऐन सिग्नलवर गाडी तीनदा बंद पडली व त्यांचा आकडा तीनवरून पुन्हा आठवर गेला. त्या आठवड्यात त्या एक पायरी खाली उतरून पहाटेच्या वेळेवर आल्या व मग पुन्हा वर चढल्या. आता सासूबाईंना त्याच नेतात. हात अजूनही कधी कधी कापतात. गाडी मात्र चालते. दुर्गापूजेच्या दिवसांत सायंकाळनंतर त्या गाडी बाहेर काढीत नाहीत. या न काढण्याला भय म्हणू नये. चालविता येत असून न चालविणे आणि चालविता येत नाही म्हणून न चालविणे, या दोहोंत अंतर आहे.

मनन व अभ्यास

वाचकांपैकी ज्यांना हे भय आहे, त्यांनी पुढील चार गोष्टी या सप्ताहात कराव्यात.

१. मला कोठे, किती वाजता व कोणाच्या सोबतीत अधिक भय वाटते, हे एका कागदावर लिहावे. "मला गाडीची भीती वाटते" असे मोघम लिहू नये.

२. लिहिलेल्या प्रसंगांना शून्य ते दहा असे आकडे देऊन लहानापासून मोठ्यापर्यंत क्रम लावावा.

३. सर्वांत लहान आकड्याचा प्रसंग निवडून तो या आठवड्यात निदान तीनदा करावा.

४. शेजारी कोण बसणार ते ठरवावे, व या पाठातील सोबत्याविषयीचा भाग त्यांना आधी वाचावयास द्यावा.

ज्यांना हे भय नाही, त्यांनाही एक काम आहे. पुढील गाडी सिग्नलवर बंद पडली तर हॉर्नवरचा हात आवरावा. तिच्यात कोण बसले आहे व ते कोणाला घेऊन कोठे निघाले आहेत, हे आपल्याला ठाऊक नसते.